गाण्याची फाइल खरंच 320 ची आहे का, ते कसं बघायचं

फाइलच्या नावात 320 (म्हणजे बिटरेट, सेकंदाला 320 किलोबिट डेटा) लिहिलंय म्हणजे ती 320 ची असेलच असं नाही, नावात कुणीही काहीही टाकतं. एक्स्टेन्शन बदलूनही आतला माल बदलत नाही.

आधी मीडियाइन्फो (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) टाकून घ्या, फुकट आहे, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडे चालतं. त्यात फाइल ओढून टाका आणि व्ह्यूमधे टेक्स्ट करा, मग कोडेक (आवाज कुठल्या पद्धतीने साठवलाय ते), बिटरेट, सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत ते), चॅनल, सगळं दिसतं, बऱ्याचदा कुठल्या एन्कोडरने बनवलीय तेही. एम4ए फायलींचा घोळ इथेच सुटतो, कारण आत एएसी (एमपीथ्रीसारखं, काही भाग गाळून लहान केलेलं) पण असू शकतं आणि अ‍ॅपलचं लॉसलेस (काहीही न गाळलेलं) पण, वरून काही कळत नाही. नवीन काही टाकायचं नसेल तर व्हीएलसीत गाणं चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा, निदान कोडेक आणि सॅम्पल रेट तरी कळेल.

आकड्यावर शंका आली तर सरळ हिशोब करा, 320 किलोबिट म्हणजे सेकंदाला 40 केबी, मग 4 मिनिटांचं गाणं साडेनऊ एमबीच्या आसपास यायला पाहिजे, 4 एमबीत बसत असेल तर ते 128 च्या जवळचं. आत मोठा कव्हर फोटो असेल तर साइज फुगते हे धरून चला. व्हीबीआर (गाणंभर बिटरेट कमीजास्त होणाऱ्या) एमपीथ्रीला तर सुरुवातीचा हेडर (फाइलची माहिती देणारा तुकडा) नसेल तर काही प्लेअर गाण्याची लांबीसुद्धा चुकीची दाखवतात, मग बिटरेटवर काय विश्वास ठेवायचा.

आता खरी गोम. कुणी 128 ची फाइल घेऊन 320 ला किंवा फ्लॅकला (हाही लॉसलेस प्रकार) कन्व्हर्ट केली तर मीडियाइन्फो 320 किंवा फ्लॅकच सांगणार, आणि ते खोटंही नाही, फाइल आत्ता तशीच आहे, फक्त आधी जे उडालं ते परत येत नाही. यासाठी स्पेक नावाचा प्रोग्रॅम वापरा, हे पण फुकट. गाण्याचा स्पेक्ट्रम (किती वरपर्यंतचे सूर आहेत त्याचं चित्र) दिसतो, सीडीवरून काढलेलं नवीन गाणं साधारण 22 किलोहर्ट्झपर्यंत जातं, 320 चं एमपीथ्री 20 च्या आसपास कापलेलं असतं, 128 चं 16 ला. फ्लॅक म्हणून दिलेल्या फाइलला 16 वर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ दिसली तर समजून जा. पण जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्यांना हा नियम लावू नका, तिथे वरचे सूर मुळात रेकॉर्डच झालेले नाहीत, वर असते ती खरखर, आणि आवाज हळूहळू विरत जातो, कापल्यासारखा थांबत नाही. एकाच गाण्यावरून निकाल देऊ नका, अल्बममधली दोनचार बघा.

फ्लॅकमधे मूळ ऑडिओचा एमडी5 (ऑडिओवरून काढलेला ओळखीचा आकडा) साठवलेला असतो, फ्लॅकच्या प्रोग्रॅममधे टेस्ट केली की डाउनलोड होताना फाइल बिघडलीय का ते कळतं. एमपीथ्रीवरून बनवलेली फ्लॅक मात्र या टेस्टमधेही आरामात पास होते.