फ्लेवर्ड योगर्ट खाऊनही वजन हलत नाही? या चुका टाळा

वजन कमी करायचं ठरलं की फ्रिजमधलं आइस्क्रीम जातं आणि त्याच्या जागी स्ट्रॉबेरी योगर्टचे कप येऊन बसतात. दही म्हणजे हलकं, हे डोक्यात पक्कं असतं. महिना उलटतो, काटा तिथेच. मग सगळं खापर योगर्टवर फुटतं. खरं तर तो कप आहारात बसू शकतो. फक्त त्याला दह्याच्या खात्यात न टाकता गोडाच्या खात्यात टाकायला हवं.

साखरेचा आकडा अर्धवट वाचणं

लेबलवर 100 ग्रॅमला 12 ग्रॅम साखर दिसली की काही जण दचकतात, बाकीचे बघतच नाहीत. साध्या दह्यातही 100 ग्रॅममागे साधारण 4 ते 5 ग्रॅम साखर असतेच. ती दुधातली, म्हणजे लॅक्टोज. ती वजा करा. 150 ग्रॅमच्या कपात एकूण 18 ग्रॅम साखर असेल, तर त्यातली सातेक ग्रॅम दुधाची आणि उरलेली 11 ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली. म्हणजे चहाचे पावणेतीन चमचे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की 2000 कॅलरींच्या आहारात अशी साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25 ग्रॅमच्या आत असावी. मध आणि फळांच्या रसातली साखरही त्यातच धरायची. थोडक्यात, 25 ग्रॅमचा कोटा धरला तर एका कपात तो जवळपास अर्धा संपला.

घटकांची यादीही बघा. जे जास्त ते आधी, असा तिचा क्रम असतो. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज ही सगळी साखरेचीच भावंडं.

'फॅट-फ्री' वाचून निर्धास्त होणं

हा सापळा मला सगळ्यात मजेशीर वाटतो. 150 ग्रॅम पूर्ण दुधाच्या दह्यात साधारण 5 ग्रॅम फॅट, म्हणजे 45 कॅलरी. ते काढून वर 11 ग्रॅम साखर घातली की 44 कॅलरी परत आल्या. हाती आली एक कॅलरी!

कपावरचा डोंगर

योगर्टचा हिशोब काटेकोर ठेवणारेही त्यावर ग्रॅनोला (ओट्स आणि सुकामेव्याचं भाजलेलं गोड मिश्रण) मात्र हाताच्या अंदाजाने टाकतात. 30 ग्रॅम ग्रॅनोला म्हणजे सव्वाशे-दीडशे कॅलरी, खालच्या कपाइतक्याच! आधी वजनकाट्यावर मोजून बघा, 30 ग्रॅम किती थोडे दिसतात ते. पिण्याचं योगर्ट असेल तर गोष्ट वेगळी: ते घटाघट पोटात जातं आणि पुन्हा भूक लवकर लागू शकते.

'शुगर-फ्री' म्हणून दोन कप

साखरेऐवजी स्वीटनर असेल तर कॅलरी कमी होतात, हे खरं. पण वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनरवर भिस्त ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं आहे. शिवाय गोडाची चटक तशीच राहते.

मग करायचं काय?

कप जेवणानंतर 'वरून' खात असाल तर आधी ते थांबवा. दुसऱ्या गोडाऐवजी खा. भूक भागवायची असेल तर प्रोटीन बघा: घट्ट ग्रीक योगर्टमध्ये 100 ग्रॅमला 8 ते 10 ग्रॅम असतं, साध्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. मात्र ग्रीकचंही फ्लेवर्ड रूप गोडच असतं, नावावर जाऊ नका.

एकदम साध्या दह्यावर उडी मारली की चार दिवसांत कंटाळा येतो. त्यापेक्षा निम्मं फ्लेवर्ड, निम्मं साधं असं एकत्र करा. वरून घातलेली साखर तिथेच अर्धी झाली. आठवडाभराने साध्याचा वाटा वाढवा आणि चवीला चिरलेलं ताजं फळ घाला. जीभ हळूहळू सरावते, आणि मग जुना कप कधीतरी उघडला की तोच फार गोड लागतो.