विद्यापीठाचा फाउंडेशन कोर्स आठ कॉलेजांत चालतोय, त्यावर लक्ष ठेवायचं कसं

ज्यांच्या हातात यंदा समन्वयकाची ऑर्डर पडलीय त्यांच्यासाठी लिहितेय. कोर्स विद्यापीठाचा, सिलॅबस विद्यापीठाचा, सर्टिफिकेटवर शिक्काही विद्यापीठाचा, पण शिकवणारी माणसं वेगवेगळ्या कॉलेजांतली, त्यांचे प्राचार्य वेगळे, संस्था वेगळ्या. बारावी झालेली पण इंग्रजी आणि गणितात कच्ची राहिलेली पोरं वर्षभरात डिग्रीच्या वर्गात बसायला तयार व्हावीत एवढ्यासाठी हा कोर्स असतो, म्हणजे इंग्रजी, गणित, कॉम्प्युटर आणि अभ्यास कसा करायचा ते. आमच्याकडं आठ कॉलेजं होती, वरती वाई-पाटणच्या बाजूची आणि खाली पार जतपर्यंत. सांगलीत बसून हे सगळं एका फाईलवर चालवता येईल असं पहिल्या वर्षी मला वाटलेलं, ते येत नाही.

सुरुवात विद्यापीठ आणि कॉलेजमधल्या कराराच्या कागदापासनं करा. करार ऑफिस करतं, त्यात मुदत असते, फीची वाटणी असते, सह्या-शिक्के असतात, पण वर्गात उभं कोण राहणार ते बहुतेक वेळा नसतंच. ते लिहून घ्या. विषयवार शिक्षकाचं नाव आणि शिक्षण, एका तुकडीत जास्तीत जास्त किती पोरं, चालू अवस्थेतले कॉम्प्युटर किती (खोलीतले नाही, चालू), आणि मधेच शिक्षक सोडून गेला तर किती दिवसात दुसरा देणार. हे शेवटचं फार महत्त्वाचं कारण हा कोर्स बहुतेक ठिकाणी सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावर घेतलेल्या शिक्षकाच्या गळ्यात असतो आणि त्याला दुसरीकडं जास्त तास मिळाले की तो जाणारच, त्याचा काही दोष नाही, त्याला घर चालवायचंय. म्हणून मानधनाची तारीखसुद्धा करारात घाला. आणि बिल कुठल्या टेबलावर अडकलंय ते दर महिन्याला स्वतः फोन करून विचारा, हे समन्वयकाचं काम नाही असं कुणी म्हणालं तरी विचारा. चार महिने पैसे न मिळालेल्या माणसाला तुम्ही शिकवण्याच्या दर्जाबद्दल काय तोंडानं बोलणार?

मग तासांचा हिशोब. कोर्सचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात, थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एकाला ३०. म्हणजे दोन क्रेडिटचं इंग्रजी ३० तासांचं आणि सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांची, आठवड्याला दोन तास, कागदावर बरोबर बसतं. पण आपल्या भागात ते तसं बसत नाही बघा. जुलैच्या शेवटापासनं ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाटणकडं पावसानं रस्ते बंद पडतात आणि सांगलीत सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीकडं, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यानं पाहिलाय तो त्या दिवसांत चाचणी परीक्षा ठेवणार नाही. पुढं गळीत हंगाम सुरू झाला की वाळवा, कराड, पलूस भागातली पोरं चार-चार दिवस गायब, कारण ऊसतोड टोळी फडात आली की घरचं कुणीतरी तिथं लागतंच. मग डिसेंबर-जानेवारीत पुसेगाव, पाल, मांढरदेव, एकेक यात्रा. हे पोरांचं बेशिस्त वागणं म्हणून बघू नका, हे इथलं वर्ष आहे आणि ते आपल्याला आधीपासनं माहितीय. त्यामुळं १५ आठवड्यांचं काम १२ आठवड्यांत आखा आणि तीन आठवडे मोकळे ठेवा. वेळापत्रक ज्या-त्या कॉलेजला ठरवू दे, कारण पहिली एसटी कितीला येते ते त्यांनाच ठाऊक, कमवा आणि शिकामधली पोरं कधी मोकळी होतात तेही त्यांनाच ठाऊक. पण कुठल्या आठवड्यात कुठला टॉपिक, हे आठही ठिकाणी एकच पाहिजे.

आता भेट. सेमिस्टरमध्ये प्रत्येक कॉलेजला किमान दोनदा जा, पहिली भेट चौथ्या-पाचव्या आठवड्यातच. उशिरा गेलं की चूक दिसते पण दुरुस्त करायला वेळ उरत नाही. आणि गेल्यावर आधी वर्गात जा, प्राचार्यांच्या केबिनमधला चहा नंतर घ्या. आधी चहा घेतला की फाईल पुढं येते, फाईलमध्ये अर्धा तास जातो आणि मग तास संपलेला असतो.

मी एका कॉलेजात गेले होते, नाव सांगत नाही. शिक्षकाची दैनंदिनी व्यवस्थित, टॉपिक सात चालू. हजेरीपत्रक मात्र सगळं एकाच पेनानं, एकाच दमात भरल्यासारखं, महिनाभराच्या पी-पीच्या रांगा एकसारख्या तिरक्या. मी वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलीची गणिताची वही मागितली. शेकडेवारीची तीन गणितं, तिसरं अर्धवट, त्यानंतर पानं कोरी. शेकडेवारी म्हणजे टॉपिक तीन. शेजारच्या दोघींच्या वह्या बघितल्या तर तिथंच थांबलेल्या. तिला विचारलं, काय गं, कुठनं येतीस? तर जतच्या पूर्वेकडच्या गावातली, इथं मामाकडं राहते, घरी कन्नड, दहावीपर्यंत शाळाही कन्नड. म्हणाली, "मॅडम, इंग्लिश मराठीतनं समजावून सांगत्यात, पण मला मराठीच सावकाश सांगाय लागतंय." दोन महिने ती पोरगी त्या बाकावर बसून होती आणि आमच्या एकाही फॉर्ममध्ये घरची भाषा कुठली हा रकानाच नव्हता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

त्यानंतर आम्ही प्रवेशाच्या फॉर्मात दोन रकाने घातले, घरात बोलतात ती भाषा आणि दहावीचं माध्यम. इंग्रजी आणि गणितातल्या नेहमीच्या शब्दांचा तीन रकान्यांचा तक्ता केला, इंग्रजी-मराठी-कन्नड, आणि कन्नडचा रकाना त्याच मुलीनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी भरला. खर्च फक्त झेरॉक्सचा.

तर सांगायचं म्हणजे, भेटीत वह्या बघा. पुढच्या बाकावरच्या नको, हजेरीतला कुठलाही नंबर काढा, पाच पुरेत. वही, दैनंदिनी आणि आपला आठवड्याचा आराखडा, तिन्ही शेजारी ठेवले की काय चाललंय ते दहा मिनिटात कळतं. चूक सापडली तर पोरांसमोर शिक्षकाला बोलू नका, बाहेर ओट्यावर बसून विचारा की अडचण काय आली. बऱ्याचदा अडचण खरी असते, दोन तुकड्या एकत्र बसवलेल्या असतात नाहीतर तासच दुसऱ्या कामाला दिलेला असतो, आणि मग बोलायचं असतं ते प्राचार्यांशी. ठरलं ते त्याच दिवशी संध्याकाळी मेल करा, कोण काय करणार आणि कधीपर्यंत.

मार्कांवर मात्र जास्त वेळ द्या, सगळ्यात जास्त अन्याय तिथं होतो. पेपर एकच असला तरी तपासणारे आठ. आम्ही आधी एक बैठक घेतली, पाच उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स काढल्या, नावं झाकली आणि सगळ्यांना तपासायला दिल्या. एक प्रश्न होता, गावात संध्याकाळची गाडी सुरू करा म्हणून एसटीच्या आगार व्यवस्थापकांना इंग्रजीत अर्ज लिहा, १० मार्क. एका मुलानं गाडीची वेळ, किती पोरं अडकतात, शेवटची गाडी चुकली तर किती किलोमीटर चालावं लागतं, सगळं लिहिलेलं पण स्पेलिंग निम्मी चुकलेली. त्या एकाच अर्जाला एका सरांनी ३ दिले, एका मॅडमनी ८. दोघंही प्रामाणिक. मग दोन तास चर्चा झाली, की या कोर्सात आपल्याला नक्की काय तपासायचंय, आणि शेवटी ठरलं ५ मार्क मजकुराला, ३ वाक्याला, २ स्पेलिंग आणि मांडणीला. ही बैठक तपासणीच्या आधीच घ्या, नंतर घेतली तर प्रत्येकजण आपले मार्क राखत बसतो.

तपासून झाल्यावर प्रत्येक कॉलेजातल्या वरच्या तीन, मधल्या तीन, खालच्या तीन आणि नापास झालेल्या सगळ्या उत्तरपत्रिका मागवा आणि दुसऱ्या कॉलेजच्या शिक्षकाकडनं बघून घ्या. एखाद्या ठिकाणी फरक सारखा एकाच बाजूला येत असेल तर त्या कॉलेजचा पूर्ण गठ्ठा परत तपासा, नुसते सरसकट पाच वाढवले असं करू नका. अंतर्गत मार्कांचंही तेच, सगळ्यांना २० पैकी १८-१९ आले असतील तर कुठल्या कामाला दिले ते काम बघायला मागा.

अपार आयडीचं, म्हणजे पोरांची क्रेडिट ज्यावर जमा होतात त्या विद्यार्थी ओळख नंबराचं काम निकालावर ढकलू नका. बारा आकडी नंबर असतो, पण तो आधारवरच्या नावाशी जुळावा लागतो आणि आपल्याकडं मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर बऱ्याचदा शेवटी. जुलैतच तपासून घ्या.

आणि एखादं कॉलेज खरंच चालवू शकत नसेल तर? दोन लेखी संधी द्या, मदतीला शेजारच्या कॉलेजचा शिक्षक पाठवून बघा, तरी नाही झालं तर पुढच्या वर्षीचे प्रवेश थांबवा. पण चालू बॅच मधेच दुसरीकडं हलवू नका. माण तालुक्यातल्या पोरीला साताऱ्याला जा म्हणणं म्हणजे घरच्यांनी शिक्षण बंद करणं, असं मी होताना पाहिलंय. चालू बॅचचा कोर्स त्याच गावात पूर्ण करून द्यायचा, शिक्षक कुठनं आणायचा, त्याचा प्रवासखर्च कुणी द्यायचा, हे करारातच लिहून ठेवा, जूनमध्ये, सगळ्यांचे संबंध चांगले असताना.