पावसाळा संपला की जुना डॅक उघडा

माझ्याकडे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बनलेला एक डॅक आहे, म्हणजे डिजिटल सिग्नलचा अँपला कळणारा आवाजाचा सिग्नल करून देणारा डबा, सेकंडहँड घेतलेला. आत फिलिप्सची टीडीए १५४१ए चिप, तिच्या आधी एसएए ७२२० हा ओव्हरसॅम्पलिंग फिल्टर (डिजिटल नमुन्यांच्या मधे आणखी नमुने भरणारी चिप) आणि शेवटी एनई ५५३२ ऑपॅम्प (आवाजाचा सिग्नल वाढवून बाहेर देणारी चिप), म्हणजे त्या काळचा ठरलेला संच. मागच्या गणेश चवथीच्या आधी त्याचा डावा चॅनल मध्येच चर्र करून गायब व्हायला लागला, आणि गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक घूंऽऽ असा आवाज यायचा. मी काय केलं, तर थेट महागडे ऑपॅम्प मागवले. चूक इथेच झाली, म्हणून हे सगळं लिहितोय.

गोव्यात जुनी वस्तू अपग्रेड करायच्या आधी ती दुरुस्त करायची असते. चार महिने पाऊस, त्यात खारा वारा, घर फोंड्याला असो नाहीतर पणजीला, आत थोडी तरी हिरवी बुरशी आणि काळवंडलेले कॉन्टॅक्ट सापडणारच. माझ्या डाव्या चॅनलचा दोष ऑपॅम्पचा नव्हताच, मागच्या आरसीए सॉकेटचा (अँपची वायर खुपसतो तो) होता, आतला टाका तडकलेला आणि वरून ऑक्साइड. जुनं सोल्डर काढून नवीन टाका दिला, सॉकेट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला, संपला विषय. मागवलेले ऑपॅम्प सहा महिने ड्रॉवरमध्ये पडून होते.

आधी सेफ्टी. आत २३० व्होल्ट येतात आणि जुन्या डॅकमध्ये मेन्सचं टर्मिनल बऱ्याचदा उघडंच असतं. स्विच बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढून समोर टेबलावर ठेवायचा. मग पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपेसिटरच्या (वीज साठवून ठेवतो तो) दोन पायांवर एक किलोओहमचा रेझिस्टर पंधरा सेकंद धरायचा आणि मीटरने शून्य बघायचं. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय असेल तर ती सोडा, त्यात पीसीबीची, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डाची, पट्टी जळते. आणि एक सिरीज बल्ब बनवून ठेवा, म्हणजे डॅककडे जाणाऱ्या लाइटच्या एका तारेत मध्येच जोडलेला बल्ब, ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी चालत नाही. काम झाल्यावर पहिल्यांदा डॅक त्यातूनच चालू करायचा. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मेन्सच्या बाजूला हात घालायची भीती वाटत असेल तर तेवढं काम ओळखीच्या टीव्ही रिपेअरवाल्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता ती घूं. तिचा सूर ऐका. बारीक पण थोडी वरच्या सुरातली १०० हर्ट्झची घूं असेल तर पॉवर सप्लायचे कॅपेसिटर सुकलेत, कारण आपली लाइट ५० हर्ट्झची आणि ब्रिज रेक्टिफायरनंतर (एसीची डीसी करणारे चार डायोड) ती दुप्पट होते. अगदी खालची ५० हर्ट्झची असेल तर बहुतेक अर्थिंगचा घोळ, डिश नाहीतर केबलच्या सेट टॉप बॉक्समुळे ग्राउंड लूप (अर्थच्या दोन वाटांचं वेटोळं) झालेला असतो, तिथे कितीही कॅपेसिटर बदला, घंटा फरक पडत नाही. तिथे टीव्हीपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल टाकायची, तांब्याचं कनेक्शनच तुटतं, लूप आपोआप गेला. फक्त डॅकला ऑप्टिकल सॉकेट हवा, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ पीसीएमवर (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) ठेवा, डॉल्बीवर ठेवलात तर या जुन्या डॅकला ते कळतच नाही.

कॅपेसिटर बदलायचे म्हणजे मुख्यतः इलेक्ट्रोलिटिक, ते गोल डबीसारखे असतात ते. त्यांच्या आत ओला पदार्थ असतो आणि उष्णतेने तो सुकतो. ढोबळ हिशोब असा की तापमान दहा डिग्रीने कमी झालं तर आयुष्य दुप्पट, म्हणून ८५ डिग्रीचे काढून १०५ डिग्रीचे बसवायचे. ७८०५ सारख्या रेग्युलेटरच्या, म्हणजे व्होल्टेज ठरलेलं ठेवणाऱ्या चिपच्या, हीटसिंकला चिकटून बसलेले असतील ते आधी बदला, ते सगळ्यात जास्त भाजलेले असतात. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्टेज एक पायरी वर घ्या. आमच्याकडे रात्री बारानंतर मीटर २५० व्होल्ट दाखवतो, मग ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडेही सगळं वर चढतं, म्हणून २५ व्होल्टच्या जागी मी ३५चे टाकले. २२००च्या जागी १०००० मायक्रोफॅरड टाकायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण कॅपेसिटर जेवढा मोठा तेवढा चार्जिंगचा करंट अणकुचीदार झटक्यांत येतो, डायोड आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही कण्हायला लागतात. दुपटीच्या वर जाऊ नका.

सामान गोव्यात मिळतं पण निवडक नाही. साधे कॅपेसिटर म्हापशात, मडगावात रिपेअरवाल्यांना सामान देणाऱ्या दुकानात मिळून जातात, पण निचिकॉन, पॅनासॉनिकची ऑडिओची नाहीतर लो ईएसआरची (आतला रेझिस्टन्स कमी असलेली) सिरीज, विमा (WIMA) या ब्रँडचे फिल्म कॅपेसिटर (आत प्लॅस्टिकची पातळ फिल्म असलेले) वगैरे पाहिजे असेल तर मुंबईहून मागवा. माझा मामेभाऊ लॅमिंग्टन रोडवरून पिशवी भरून घेतो आणि कोकणकन्याने येतो, त्याला चिकन शागुती खायला घातली की कुरिअरचा खर्च वाचतो. ऑनलाइन फार स्वस्तात मिळणारे ऑपॅम्प घेऊ नका, वरचं नाव पुसून दुसरं छापलेले भरपूर फिरतात.

काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, वरून आणि खालून दोन्हीकडून. इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी म्हणजे मायनस, पण थेंबासारखा टँटलम असतो त्याच्यावरची पट्टी म्हणजे प्लस! आणि पीसीबीवर कुठे प्लस छापलेलं, कुठे अर्धा गोल काळा केलेला, म्हणून अंदाजाने जाऊ नका. मी एक उलटा बसवला होता, रात्री अकरा वाजता, डोळे मिटत असताना. सिरीज बल्ब होता म्हणून वाचलो, नाहीतर फटाका.

जुन्या बोर्डावरून पाय काढताना पॅड, म्हणजे टाका बसतो ती तांब्याची टिकली, उचलला जातो, ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. युक्ती अशी की जुन्या टाक्यावर आधी थोडं नवीन ६०/४० नाहीतर ६३/३७ सोल्डर घालायचं, ते एकजीव झालं की मग सक्शन पंप किंवा तांब्याची जाळीवाली विक. इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न हो, ३३० ते ३५० डिग्रीवर ठेवायची आणि तीन-चार सेकंदात उचलायची. ग्राउंडचं मोठं तांबं असलेल्या जागी उष्णता पसरून जाते, तिथे टोक जाड घ्या, जोर लावून ओढू नका. एकेक कॅपेसिटर काढा आणि लगेच नवीन बसवा. सगळे एकदम उपटून मग डबीत शोधत बसणारे लोक मी पाहिलेत.

रेग्युलेटर बदलायचा असेल तर पायांचा क्रम बघा. ७८०५मध्ये इनपुट-ग्राउंड-आउटपुट, मायनस व्होल्टेजच्या ७९०५मध्ये ग्राउंड-इनपुट-आउटपुट, आणि एलएम ३१७चा क्रम आणखी वेगळाच. ७९च्या पाठीवरचा पत्रा इनपुटला जोडलेला असतो, ग्राउंडला नाही, म्हणून त्याच्या मागचा अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूचा प्लॅस्टिकचा वॉशर परत बसवायला विसरलात तर चेसिसशी शॉर्ट. टीडीए १५४१एला प्लस ५, मायनस ५ आणि मायनस १५ असे तीन सप्लाय लागतात, त्यामुळे एकाच डॅकमध्ये ७८ आणि ७९ दोन्ही असतातच. चिप सॉकेटमध्ये असेल तर चालू करायच्या आधी ती बाहेर काढा, चालू करून हे तीन व्होल्टेज मोजा, मग बंद करून चिप परत घाला.

त्याच चिपभोवती ०.१ मायक्रोफॅरडचे चौदा छोटे कॅपेसिटर असतात. डॅकच्या अचूकतेला ते लागतात, फिल्मचे हवेत, पाय जेवढे आखूड तेवढं बरं. मोठे, जाडजूड, महागडे फिल्म तिथे कोंबून लांब तारा सोडणारे फोटो बघितले की मला हसू येतं. आणि मेन्सवर आडवा बसलेला कॅपेसिटर बदललात तर तो एक्स२ (थेट मेन्सवर बसवायचा प्रकार) लिहिलेलाच घ्या, साधा कॅपेसिटर तिथे चालत नाही.

आउटपुटच्या कपलिंग कॅपेसिटरला (डीसी अडवून फक्त आवाज पुढे सोडतो त्याला) मात्र पैसे घाला. जुना इलेक्ट्रोलिटिक १० मायक्रोफॅरडचा असेल आणि तुमच्या अँपचा इनपुट ४७ किलोओहमचा असेल तर २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म पुरतो, कटऑफ, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज पडायला लागतो तो आकडा, दीड हर्ट्झच्या आसपास येतो. अँप १० किलोओहमचा असेल तर तोच कटऑफ सात हर्ट्झवर जातो, तरी चालतं पण मग मी थोडा मोठा घेईन. जागा मोजूनच मागवा, फिल्म कॅपेसिटर फुगीर असतात, माझं झाकण एकदा बसेना.

ओव्हरसॅम्पलिंग फिल्टर काढून टाकायचा प्रकारही लोक करतात. करून बघा हवं तर, पण २० किलोहर्ट्झला आवाज साधारण ३ डेसिबल पडतो हे लक्षात असू द्या, मला तो गुळमुळीत वाटला आणि मी परत होतं तसं केलं. क्लॉकसाठी (चिपांना ताल देणारा सिग्नल) भारी क्रिस्टल घालायचं खूळही सोडा. माझ्यासारख्या डॅकमध्ये क्लॉक बाहेरून आलेल्या डिजिटल सिग्नलमधूनच पीएलएल (त्याच्या तालाशी जुळवून घेणारं सर्किट) काढतो, तिथे नवीन क्रिस्टल बसवायला जागाच नाही.

ऑपॅम्प अगदी शेवटी. एनई ५५३२ हा दोनवाला आहे, ५५३४ एकटा, पायांचा अर्थ वेगळा, एकाच्या सॉकेटमध्ये दुसरा घालू नका. नवीन चिपला तुमचा सप्लाय झेपतो का ते बघा, ओपीए २१३४ प्लस-मायनस १८ व्होल्टपर्यंतच जातो, ५५३२ त्याच्या वर जातो. वेगवान चिप घातली की ती ओरडायला लागते, म्हणजे ऑसिलेट होते, कानाला ऐकू येत नाही पण चिपवर बोट ठेवलं की चटका बसतो. सप्लायच्या पायांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरड लावायचा, सॉकेट वापरायचा, आणि अँपला जोडायच्या आधी आउटपुटला डीसी मोजायचा. पाच-दहा मिलिव्होल्ट ठीक, पन्नासच्या वर गेला तर थांबा.

मी फक्त डाव्या चॅनलचा ऑपॅम्प बदलला, उजवा जुनाच ठेवला, आणि मोनो रेकॉर्डिंग लावून बॅलन्सचं बटण इकडून तिकडे फिरवत बसलो. चाचणीला घुमट आरती घेतली, आपल्याकडे चवथीला प्रत्येक वाड्यावर होते तशी. घुमटाचा (चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) घुमारा खालचा आवाज दाखवतो, शामेळाची (काठीने वाजवायचा ढोल) काठी सप्लाय दमदार आहे की नाही ते सांगते, आणि कांसाळ्यांचा (झांजा) झणकार वरचा कचरा लगेच उघडा पाडतो. पॉवर सप्लायचे कॅपेसिटर बदलल्यावर घूं गेली आणि घुमट मोकळा झाला हे बायकोने स्वयंपाकघरातून सांगितलं. डाव्या-उजव्या ऑपॅम्पमधला फरक मला एका रात्री वाटला, दुसऱ्या रात्री वाटला नाही. उजवा चॅनल अजून जुन्याच ५५३२वर आहे, आणि दुसरा नवीन ऑपॅम्प परत ड्रॉवरमध्ये गेलाय.