जुनं बाजाराचं गाव गाइडशिवाय कसं फिरायचं? मालाच्या मागे चाला

गाइड नको, ग्रुप नको, आपलं आपण जुन्या बाजाराच्या गावात हेरिटेज वॉक करायचा असेल तर डोक्यात एकच गोष्ट ठेवा, माल. तो गावात कुठून शिरायचा, कुठे मोजायचे, कुठे विकायचे, उरला तर कुठे ठेवायचे, या क्रमाने चाललं की रूट आपोआप तयार होतो. नाहीतर लिस्टमधल्या दहा जागांवर टिक मारत पळायचं आणि घरी आल्यावर काहीच आठवत नाही.

आदल्या रात्री मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. जुना नकाशा नेटवर सापडला तर सोन्याहून पिवळं, दोन्ही शेजारी ठेवून पूल, वेशीची जागा आणि मुख्य चौक मार्क करा. दीड-दोन किलोमीटर पुष्कळ झालं, थांबत थांबत त्यातच तीन तास जातात. बाजाराच्या दिवशी जाणार असाल तर दुकानं मांडायच्या आत पोचा, नंतर ताडपत्र्यांमागे भिंतीच दिसत नाहीत.

सुरुवात चौकातून नाही, पुलापासून किंवा वेशीपासून करा. वळणावर घराच्या कोपऱ्याला बुटका दगड पुरलेला दिसला तर वाकून बघा, गाड्यांची चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून तो लावलेला असतो आणि कधीकधी त्याच्यावर चाकांचे ओरखडे अजून हाताला लागतात.

चौकात आलात की आधी मापं शोधा. जर्मनीत फ्रायबुर्गच्या मोठ्या चर्चच्या दारापाशी भिंतीवर पावांचे आकार कोरलेत, सोबत १२७०, १३१७, १३२० अशी वर्षं, म्हणजे पाव लहान मिळाल्याची शंका आली तर तिथेच ताडून बघायची सोय!

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. चौकाच्या मधोमध घरांचा एखादा पुंजका असतो, बोळ इतके अरुंद की दोघं जेमतेम जातील, आणि त्या घरांना परसदार नसतंच. बऱ्याचदा ते आधी बाजारातले तात्पुरते ठेले असतात, रोज काढायचा कंटाळा म्हणून तसेच राहिले, मग भिंती आल्या, मग वर मजला चढला. थोडक्यात जुनं अतिक्रमण, फक्त आता त्याला हेरिटेज म्हणायचं. चौकाच्या कडेची घरं याच्या उलट, तोंड अरुंद आणि आत लांबच लांब, कारण बाजाराकडे तोंड असलेली जागा सगळ्यांनाच हवी असायची.

दुकानाच्या काचेत बघत बसू नका, तळमजला दर पिढीला बदलतो, जुनं असतं ते वर. इंग्लंडमध्ये बुजवलेल्या खिडक्या दिसल्या तर १६९६ ते १८५१ तिथे खिडक्यांवर टॅक्स होता हे आठवा, अर्थात प्रत्येक खिडकी टॅक्समुळेच बुजवली असंही नाही. गल्ल्यांच्या पाट्या पण वाचा, नावांत जुना बाजार लपलेला असू शकतो, इंग्लंडमधल्याच चिपिंग कॅम्डन गावाच्या नावातलं 'चिपिंग' म्हणजे बाजारच, आणि १६२७ चा मार्केट हॉल तिथे अजून उभा आहे.

शेवटी मागची गल्ली. वरच्या मजल्याला दार आहे पण जिना नाही, आणि त्याच्यावर एक तुळई बाहेर आलेली, असं दिसलं की समजा ते गोदाम, पोती दोराने वर ओढायचे. आत डोकावायचं असेल तर आधी विचारा, तिथे लोक राहतात. आणि फोटो काढताना गल्लीच्या पाटीचा पण एक काढून ठेवा, नाहीतर रात्री चाळीस दरवाजे सारखेच दिसतात.