डिफॉल्टर लिस्ट लागायच्या आधीच हे करा

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत 75 टक्के अटेंडन्स लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण हिशोब कोणी करत नाही आणि मग डिफॉल्टर म्हणजे कमी अटेंडन्सवाल्यांची लिस्ट लागली की ऑफिसबाहेर ही रांग. तर आधी गणित बघा, समजा एका विषयाची 20 लेक्चर्स झाली आणि तुम्ही 12 ला बसलात म्हणजे 60 टक्के, आता 75 ला यायचं तर पुढची सलग 12 लेक्चर्स एकही न बुडवता करावी लागतात (24 भागिले 32), म्हणून महिनाअखेरीला नाही, दर आठवड्याला वहीच्या मागच्या पानावर विषयवार नोंद ठेवा.

आजारी पडलात तर बरे होऊन आल्या आल्या मेडिकल सर्टिफिकेट आणि अर्ज द्या, झेरॉक्सवर इनवर्डचा (ऑफिसला कागद मिळाल्याचा) शिक्का घ्याच, खरंच घ्या, कारण सेमिस्टरच्या शेवटी दिलेला कागद बहुतेक ठिकाणी कोणी धरत नाही. एनएसएस कॅम्प, युथ फेस्टिव्हल असेल तर सरांची सही असलेलं पत्र त्याच आठवड्यात.

प्रॉक्सी, म्हणजे दुसऱ्याची हजेरी, लावू नका, मित्रासाठीपण नाही, पकडलं तर दोघंही अडकतात.

आणि ज्युनियर्सना त्रास देणं म्हणजे मस्ती नाही हो, महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्हाला कोणी छळत असेल तर गप्प बसू नका, रॅगिंगविरोधी हेल्पलाइनला 1800-180-5522 वर फोन करा, चोवीस तास चालू असतो.