छोट्या घरात भिंतीवर मिटणारे मेज

मुंबईतील पुनर्वसन इमारतींमधल्या ३०० चौरस फुटांच्या सदनिकेत ज्या जागेवर दिवसा काम करायचे, तेथेच रात्री गादी पसरायची असते. अशा घरासाठी मी भिंतीवरची उथळ पेटी सुचवेन, जिचे झाकण खाली उघडले की मेज तयार होते. नुसती दुमडणारी फळी स्वस्त पडते खरी, पण ती मिटण्यापूर्वी वरचे सारे सामान हलवावे लागते आणि या कंटाळ्यापायी ती उघडीच राहू लागते. पेटी आतून ५ इंच खोल ठेवली, तर लॅपटॉप, चार्जर आणि वह्या आतच उभ्या राहतात.

झाकण ३ फूट लांब आणि १८ इंच रुंद असावे. उघडलेले झाकण आणि पेटीचा तळ एका पातळीत येतील अशी बिजागरी सुताराकडून बसवून घेतली, तर कामाला एकूण २३ इंच खोली मिळते. उंची ठरवताना नेहमीच्या खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसावे, कोपर काटकोनात ठेवावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. मेजाचा पृष्ठभाग त्याच उंचीवर ठेवावा.

सर्वाधिक काळजी भिंतीची घ्यावी. झाकणावर हात टेकले की पेटीची वरची कड भिंतीपासून सुटू पाहते, म्हणून सर्वांत भक्कम स्क्रू वरच्या ओळीत हवेत. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ते नीट धरतात; मात्र नव्या इमारतींतील हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकमध्ये साधी प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) कालांतराने सैल होते, त्यामुळे तेथे त्याच ब्लॉकसाठी बनवलेले लांब प्लग वापरावेत आणि झाकणाला जमिनीवर टेकणारा दुमडता पायही द्यावा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, कारण वायरची नळी बहुधा तेथूनच जाते.

पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळून आतली भिंत निवडावी, आणि तरीही १८ मिलिमीटरचा आयएस ७१० प्रतीचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घेऊन त्याच्या सर्व कडा पट्टीने बंद कराव्यात. खिडकी बाजूला येईल अशी जागा निवडावी; ती पाठीमागे आली, तर लॅपटॉपच्या पडद्यावर चकाकी येते.