लहान माइनस्वीपरचा युद्धकाळातील इतिहास कसा अभ्यासावा : 'बेंगॉल'च्या निमित्ताने

नौदलाच्या इतिहासाकडे नव्याने वळणाऱ्यांना मी विनाशिका किंवा विमानवाहू नौकेऐवजी एखादी लहान माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातील सुरुंग काढणारी नौका, निवडण्याचा सल्ला देतो. तिच्यावर आयते लिहिलेले फार थोडे सापडते, त्यामुळे प्रत्येक विधान मूळ कागदांवर घासून पाहावेच लागते. माझा अभ्यास शाही भारतीय नौदलाच्या 'बेंगॉल'पासून सुरू झाला, आणि आजही शिकवताना मी तिचेच उदाहरण घेतो.

ही नौका ऑस्ट्रेलियात बांधल्या गेलेल्या साठ 'बाथर्स्ट' वर्गाच्या जहाजांपैकी एक होती. भारताच्या वाट्याला त्यांतील चार आली. या वर्गाचे अधिकृत काम सुरुंग काढण्याचे होते. तळाशी बांधलेल्या सुरुंगासाठी मागे एक लांब पोलादी दोर ओढला जाई; पाणी कापत बाजूला सरकणारी 'ऑटर' नावाची चौकट तो दूर ताणून धरी, वर तरंगणारा फ्लोट त्याची जागा दाखवी, आणि दोराला लावलेल्या कात्र्या सुरुंगाची दोरी तोडीत. सुरुंग वर आला की तो गोळीबाराने बुडवायचा. हे काम मनात पक्के बसल्याशिवाय जहाजाची नोंदवही उघडू नये, कारण त्यातील 'दोर सोडला', 'दोर ओढून घेतला' अशा रुक्ष नोंदींतच या नौकेचा बहुतेक दिवस गेलेला असतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या नौदलात रत्नागिरीकडच्या खलाशांचा मोठा भरणा होता, म्हणून भरती आणि बढत्यांचे कागद मराठी अभ्यासकाने आवर्जून पाहावेत.

'बेंगॉल'ची सर्वांना ठाऊक असलेली घटना 11 नोव्हेंबर 1942 ची आहे. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरातून 5 नोव्हेंबरला निघून ती 'ओंदिना' या डच तेलवाहू जहाजाला हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटाकडे सोबत करत होती. कोकोस बेटांच्या दक्षिणेला 'होकोकु मारू' आणि 'आइकोकु मारू' ही दोन मोठी सशस्त्र जपानी जहाजे समोर आली. 'बेंगॉल'वर अवघी एक बारा पौंडी तोफ होती, म्हणजे सुमारे 76 मिलिमीटरची. तरीही तिचे कप्तान विल्सन यांनी तेलवाहू जहाजाला निसटून जाण्याचा इशारा देऊन आपली नौका शत्रूकडे वळवली. काही वेळाने 'होकोकु मारू'वर गोळा लागून आग भडकली, स्फोट झाले आणि ते बुडाले.

तो गोळा कोणाचा, हा प्रश्न अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. 'बेंगॉल' आणि 'ओंदिना' या दोन्ही जहाजांच्या बाजूने दावे झाले. 'ओंदिना'कडे 102 मिलिमीटरची तोफ होती, आणि नंतरचे बरेच लेखक तिच्याकडे झुकतात. पण निर्णय देण्याआधी कोणाला कोठून काय दिसत होते हे नकाशावर मांडावे. दारूगोळा संपत आल्यावर 'बेंगॉल' धुराच्या पडद्याआड निघून गेली आणि 'ओंदिना' बुडाल्याचे समजून दिएगो गार्सियाला पोहोचली. इकडे 'ओंदिना'चे कप्तान हॉर्समन मारले गेले होते, खलाशी होड्यांत उतरले होते, आणि टॉर्पेडो मारून 'आइकोकु मारू' तिला संपली समजून निघून गेले. खलाशांनी परत चढून आग विझवली आणि ते जहाज फ्रीमँटलला नेले. म्हणजे मित्र आणि शत्रू अशा दोघांच्याही मते जे जहाज बुडाले, ते प्रत्यक्षात तरंगत होते. अहवाल प्रामाणिक असूनही चुकीचा असू शकतो, याचा इतका स्वच्छ दाखला मला अन्यत्र मिळालेला नाही.

वेळा जुळवताना विशेष काळजी घ्यावी. जपानी नौदल टोकियोची वेळ पाळत असे, तर मित्रराष्ट्रांची जहाजे त्या त्या वेळपट्ट्यानुसार घड्याळ फिरवीत. सगळ्या नोंदी ग्रीनिच वेळेत आणून एकाच तक्त्यात शेजारी शेजारी लिहाव्यात, म्हणजे परस्परविरोधी वाटणाऱ्या अनेक गोष्टी आपोआप जुळतात.

या एका दिवसाने संपूर्ण इतिहास गिळू देऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. नंतरची गस्त, ताफ्यांना दिलेली सोबत, गोदीतील दुरुस्ती, स्वातंत्र्यानंतरची भारतीय नौदलातील सेवा आणि 1960 मधील मोडीत काढणे यांनाही स्वतंत्र पाने द्यावीत.